शंटचं इन्फेक्शन शोधताय? या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या लॅबमध्ये शंटचं (मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळीचं) सीएसएफ, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी, आलं की मी फॉर्मवर आधी एकच बघते: अँटिबायोटिक कधी सुरू झालं? बहुतेकदा उत्तर असतं, 'काल'. नव्या रेसिडेंटांना दम नसतो. ताप दिसला की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, आणि मग जंतू आम्ही उगवून द्यायचा! पेशंट कोसळत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी आधी टॅप (शंटमधून सुईनं नमुना), मग लगेच डोस.

दुसरी चूक लॅबवाल्यांची. रामबागेतला एक मुलगा, व्हीपी शंट (मेंदूतून पोटात जाणारी नळी) घालून दोनेक महिने झालेले. ताप नाही, मान ताठ नाही. आजींचा मात्र एकच धोशा: "अहो, हा नुसता पेंगतोय, आणि पोटाला हात लावू देत नाही." सीएसएफमध्ये पेशी मोजक्याच, ग्रॅम स्टेन कोरा, म्हणजे रंग देऊनही मायक्रोस्कोपखाली जंतू नाही. एका लॅबनं 48 तासांत 'नो ग्रोथ' लिहून कल्चरच्या (जंतू वाढवायच्या) प्लेटी फेकल्या, मुलगा घरी. परत आला तो पोट फुगवून. नळीच्या टोकाशी पाण्याची गाठ, म्हणजे स्यूडोसिस्ट. आता अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजनविना) कल्चर लावलं. दुसऱ्या आठवड्यात प्लेटवर बारीक पांढरे ठिपके दिसले, दुसऱ्या टॅपमध्येही तेच: क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. कातडीवर राहणारा, सावकाश वाढणारा जंतू. त्याच्यासाठी कल्चर निदान 10 दिवस ठेवावं लागतं. मी 14 ठेवते, वर लाल मार्करनं 'फेकू नये'. इन्क्युबेटरमध्ये जागा नाही म्हणणाऱ्यांनी आधी लघवीच्या जुन्या प्लेटी काढाव्यात.

याच्या उलटही होतं. नुसत्या ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) एकदा कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ उगवला, हाही कातडीवरचा जंतू, नमुन्यात चुकून मिसळू शकतो, बाकी सगळं नॉर्मल, तरी लगेच शंट काढायची घाई. पुन्हा टॅप करा ना!

पाठीतून पाणी काढून 'स्वच्छ आहे' म्हणू नका. वाट अडलेली असेल तर मेंदूच्या पोकळीतलं पाणी कमरेपर्यंत पोचतच नाही. शंटच्या रेझर्व्हॉयरमधूनच (कातडीखालच्या छोट्या टाकीतून) घ्या.

ब्लड कल्चर व्हीए शंटमध्ये (नळी हृदयात उघडते) फार कामाचं. व्हीपीमध्ये ते निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

कल्चरचा नमुना फ्रिजमध्ये नको. 'राउंड संपला की पाठवतो' हेही नको, तासाभरात पेशी फुटायला लागतात.

आणि सोबत, ताडून बघायला, त्याच वेळची ब्लड शुगर पाठवा. नुसता सीएसएफचा आकडा धरून "मॅडम, ग्लुकोज कमी आहे का?" असे फोन मी उचलत नाही.