चौगुनीत तत्कार तुटत असेल तर रियाज कसा करावा

कोल्हापुरात कथक शिकणारे अनेक विद्यार्थी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, आणि तीनतालातला (सोळा मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, तालातला) तत्कार, म्हणजे बोलांवर पायांनी आघात देण्याचा मूळ सराव, चौगुनीत (एका मात्रेत चार आघात) नेताना त्यांपैकी बऱ्याच जणांचे पाय अडखळतात. अशा वेळी चौगुनच पुन्हा पुन्हा घोटण्याकडे कल असतो. माझ्या मते त्याने चूकच पक्की होते.

मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत चौगुन केली, तर दोन आघातांमध्ये केवळ पाव सेकंद मिळतो. तळपायाची संवेदना मेंदूपर्यंत पोचण्यातच सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग खर्च होतो, आणि चूक ओळखून जाणीवपूर्वक केलेली दुरुस्ती पायापर्यंत उतरेतो पुढच्या आघाताची हालचाल सुरू झालेली असते. त्यामुळे द्रुत (जलद) लयीत मेंदूला पुढच्या आघाताचा अंदाज आधीच बांधावा लागतो. हा अंदाज अचूक करण्यात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या सुमारे एक दशांश, पण निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात असतात. अपेक्षित आघात आणि प्रत्यक्ष पडलेला आघात यांतील फरकावरून तो शिकतो, आणि हा फरक नवशिक्याला स्पष्ट जाणवतो तो ठाय (संथ, एका मात्रेला एक आघात) लयीतच.

रियाजाची सुरुवात पढंतीने, म्हणजे हाताने ताल धरून बोल म्हणण्याने, करावी. पाय न हलवता, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली (टाळी न देण्याची मात्रा) दाखवत बोल म्हणावेत, आणि प्रत्येक बोलाबरोबर कोणता पाय पडणार हे मनात अनुभवावे. हालचालीची अशी कल्पना करताना मेंदूतील हालचालींशी संबंधित अनेक भाग प्रत्यक्ष हालचालीप्रमाणेच कार्यरत होतात, म्हणून पढंतीला केवळ परीक्षेपुरते पाठांतर समजू नये.

त्यानंतर घुंगरू बांधून ठाय लयीत उभे राहावे. ‘ता थेई थेई तत्’ उजव्या पायाने सुरू होऊन डाव्यावर संपते, आणि ‘आ थेई थेई तत्’ डाव्यानेच सुरू होते. म्हणजे चौथ्या व पाचव्या मात्रेला डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो, तर आठव्या व नवव्या मात्रेला उजवा. तत्कार बहुधा याच सांध्यावर तुटतो. चौथ्या मात्रेला शरीराचा भार उजव्या पायावरच राहिला, तर डावा पाय पुन्हा उचलायला मोकळा असतो. तो भार डाव्यावर गेला की ‘आ’ उशिरा पडतो. म्हणून ‘थेई तत् आ थेई’ एवढाच तुकडा सुटा काढून, दोन्ही आघातांचा नाद सारखा ऐकू येईपर्यंत करावा. मग लय थोडी थोडी वाढवावी आणि नाद पुसट झाला की लगेच मागे यावे.

तुकडा बसल्यावर मात्र ठाय, दुगुन (एका मात्रेत दोन आघात) व चौगुन आलटून पालटून कराव्यात. अशा सरावात त्या दिवशी चुका अधिक होतात, परंतु शिकलेले जास्त टिकते. रात्रीची झोप मोडून परीक्षेच्या आदल्या दिवशी रियाज ताणू नये, कारण हालचालींची स्मृती पक्की होण्यास झोपेचा हातभार लागतो.

शेवटची काही आवर्तने (तालाच्या पूर्ण फेऱ्या) आरशाकडे पाठ करून करावीत. कोल्हापुरातल्या शाहू स्मारक भवनाच्या मंचावर समोर आरसा नसतो. तिथे सांधे, स्नायू व कान यांच्याकडून मिळणाऱ्या माहितीवरच विसंबावे लागते, आणि त्या माहितीकडे लक्ष देण्याची सवय क्लासमध्येच लावून घेता येते.