थ्रॉटल वाढवला की घुसमटणारं आउटबोर्ड

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत आमचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, पडवीत उभं होतं. ऑगस्टात कर्ली खाडीत होडी काढली, तर इंजिन लगेच चालू. पण थ्रॉटल वाढवला की घुसमटायचं, वेग पडायचा. प्लगची ठिणगी निळी, म्हणजे ठीक; पंख्यात जाळं अडकलेलं नाही.

मग चुलतभावाला म्हटलं, "मी फुल थ्रॉटल देतो, तू पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत र्‍हव." दाबला की होडी पळायची, सोडला की पुन्हा ढेपाळायची. म्हणजे पेट्रोलच पुरेसं पोचत नव्हतं. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी ही परीक्षा कराच, पैसे वाचतात.

इंजिनाचा पेट्रोल ओढणारा पंप उघडला. आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, पापडासारखा कडक, कडेला केसाएवढी चीर. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतून ठेवलं, तर तळाला पाण्याचा थर!

पंपाचा किट, नळी, फुगा, फिल्टर बदलले, ताजं पेट्रोल-ऑइल भरलं. इंजिन पूर्ण ताकदीने चालतंय. फुगा बसवताना त्यावरचा बाण इंजिनाकडेच हवा.