दार्जिलिंगचा चहा घेताय? या चुका टाळा

दार्जिलिंग-गंगटोक ट्रिप झाली की चहाची पाकिटं आणायची, अर्धी सोसायटीत वाटायची, आणि मग आठवड्यात तक्रार ठरलेली, "अगं त्या चहाला रंगच येत नाही." येणार कसा, दूध आलं साखर घालून दहा मिनिटं रटारट उकळलाय! आपली रोजची पावडर म्हणजे सीटीसी (यंत्रात चिरडून केलेला दाणेदार चहा), आसाम नाहीतर उत्तर बंगालातल्या डुआर्सची, दुधात उकळूनच चांगली लागते. दार्जिलिंगचा जवळपास सगळा चहा ऑर्थोडॉक्स म्हणजे पान वळून केलेला, त्याची मजा वासात, आणि उकळलं की पहिला तोच उडून जातो.

तर पाणी उकळलं की गॅस बंद, मिनिटभर थांबा, कपाला एक छोटा चमचा पत्ती, झाकण, तीन मिनिटं, गाळा. दूध नाही. कडू झाला तर पत्ती कमी करू नका, वेळ कमी करा. बोअरचं जड पाणी असेल तर चहा काळपट होतो आणि वर तवंग येतो, तिथे पत्तीचा दोष नाही, फिल्टरचं पाणी वापरून बघा. आणि पाकीट मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका हो, चहा कुठलाही वास पटकन धरतो.

"आम्हाला ग्रीन टी देऊन फसवलं" हीपण कॉमन तक्रार. फर्स्ट फ्लश, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची तोडणी, हिरवटच दिसते आणि कपात फिकट सोनेरी उतरते, ती तशीच असते. ज्यांना रंग आणि जोर हवा त्यांनी मे-जूनचा सेकंड फ्लश घ्यावा. त्यातला तो द्राक्षासारखा मस्कटेल वास येतो त्यात तुडतुड्यांचाही हात असतो, कोवळ्या पानाला कीड चावली की झाडात जे बदल होतात त्यातून. आपल्याकडे कापसावर तुडतुडे दिसले की फवारणीची धावपळ, तिकडे त्याचेच जास्त पैसे मिळतात!

आता खरेदी, इथे लोक जास्त फसतात. सिलिगुडीला स्टेशनजवळ, रस्त्यावरच्या दुकानात "दार्जिलिंग" लिहिलेलं काहीही मिळतं. सिलिगुडीच्या आसपासचा तराईचा चहा दार्जिलिंग जिल्ह्यात पिकतो तरी तो दार्जिलिंग चहा नाही, जीआय (म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क) फक्त डोंगरावरच्या 87 मळ्यांना आहे. 2004 साली भारतातला पहिला जीआय यालाच मिळाला. शिवाय सीमेपलीकडे नेपाळचं इलाम आहे, तिथला चहा चांगला असतो, प्रॉब्लेम चहाचा नाही, तो स्वस्तात आणून दार्जिलिंग म्हणून विकतात त्याचा आहे. पाकिटावर टी बोर्डाचा लोगो (दोन पानं आणि कळी धरलेली बाई), मळ्याचं नाव, फ्लश आणि वर्ष बघा. यातलं काहीच नसेल आणि किंमत आपल्या पावडरीएवढी असेल तर ठेवा परत.

स्वस्त का परवडत नाही ते पण बघा. झाडं जुनी, कित्येक शंभरीच्या पुढची, उतार इतका की सगळं हातानेच खुडायचं, चार-साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा, आणि हेक्टरी उत्पन्न आसामच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. नव्वदच्या सुमाराला वर्षाला 1 कोटी 40 लाख किलोच्या घरात होणारा चहा 2023 मध्ये 65 लाखांच्याही आत आला. पन्नास हजारांवर कायम कामगार यावर जगतात, त्यात बायका जास्त, रोजची मजुरी 2023 मध्ये वाढून झाली 250 रुपये (हो, दिवसाची). राहायचं घरसुद्धा मळ्याचंच, त्यामुळे मळा बंद पडला की नुसती नोकरी जात नाही. पोरं त्याच भीतीने बंगळुरू, दिल्ली गाठतात. 2017 मध्ये वेगळ्या राज्यासाठीच्या गोरखालँड आंदोलनात जूनपासून 104 दिवस बंद होता, सेकंड फ्लशच्या ऐन सीझनमध्ये, आणि परदेशातली गिऱ्हाइकं त्या काळात दुसरीकडे वळली. आधीच एवढं कमी पीक, त्यात नकली पाकीट घेतलं तर तुमच्या पैशातला एक रुपयाही त्या डोंगरावर पोचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर दुकानात "फ्रेश फर्स्ट फ्लश द्या" म्हणू नका, तो सहा महिने जुना असणार. तेव्हा ताजा असतो ऑटम फ्लश, तांबूस रंगाचा, जरा भरलेल्या चवीचा, बहुतेक वेळा बाकीच्या दोन्हींपेक्षा स्वस्त. शंभर ग्रॅमचं पाकीट घ्या, किलोभर नको, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपलं पाहिजे.