जुलमी राजा, मारेकरी आणि प्रेम: खान्देशातली फँटसी कादंबरी कशी लिहायची

आधी राजाचं ठरवा, प्रेमाचं नंतर. रोमँटिक फँटसी म्हटलं की बरेच जण हिरोईनच्या डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि राजा नुसता क्रूर म्हणून मागे बसवलेला असतो, मग वाचणाऱ्याला कळतच नाही की याला मारायला एवढी माणसं जिवावर उदार का झालीत. जुलूम रोजच्या जगण्यात दिसला पाहिजे, आणि आपल्याकडे त्यासाठी पाण्यासारखं दुसरं काही नाही. पांझरा काठची फड पद्धत बघा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांचं मिळून एकच पीक, आणि पाणी वाटायला पाटकरी, बारेकरी, राखणीला जागल्या, ही सगळी गावानेच नेमलेली माणसं. शेकडो वर्षं गावं हे आपसात चालवत आलीत. आता तुमच्या राजाने बंधाऱ्यावर स्वतःचं ठाणं बसवलं आणि ज्या गावाने मान झुकवली नाही त्याचा पाट बंद केला एवढं लिहा, व्हिलनला खुनशी हसवायची गरजच उरत नाही.

गावांच्या नावांवरही त्याला हात घालू द्या. अकबराने १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला आणि मुलगा दानियालच्या नावावरून खान्देशचं दानदेश केलं होतं. तुमच्या राजाने असंच केलं तर जुनं नाव घेणं हा गुन्हा होतो आणि कटातल्या लोकांना एकमेकांना ओळखायची खूणही मिळते.

मारेकरी म्हणून काळ्या कपड्यातला कोणी नको, प्लीज. जागल्याच घ्या. रात्रभर शेतात फिरणं हे त्याचं कामच, त्यामुळे कुठे चाललास असं त्याला कोणी विचारत नाही. सोबतीला पाटकरी द्या, त्याला पाणी कुठून कुठे जातं ते पाठ असतं. किल्ल्यात शिरायची वाट हवी असेल तर बुऱ्हाणपूरचं कुंडी भंडारा एकदा बघून या, मुघलांच्या काळात १६१५ च्या सुमारास सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं, वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या. असा बोगदा राजवाड्याखालून नेला की तुमचा अर्धा प्लॉट सुटला. डोल्यांमध्ये सैनिक लपवायची आयडिया मात्र सोडा, खान्देशचा सुलतान नासिर खान फारुकी याने तिथल्या आसा अहिराकडून असीरगड तसाच घेतला असं सांगतात, आपल्याकडच्या वाचकाला ते पहिल्या डोलीलाच ओळखू येईल.

मॅजिक एकच ठेवा आणि त्याची किंमत ठरवा. समजा जागल्याने जमिनीला कान लावला की कोसभर लांबची पावलं त्याला ऐकू येतात, पण दर वेळी ओळखीच्या एका माणसाचा आवाज तो कायमचा विसरतो. आईचा गेला, मित्राचा गेला. पुढे कोणाचा जाणार ही भीती वाचकाला लागलीच पाहिजे.

आता प्रेम. ते कटाच्या आड आलं पाहिजे, नाहीतर दोन वेगळ्या कादंबऱ्या होतात. राजाच्या स्वयंपाकघरात खापरावर मांडे करणारी बाई घ्या, जागल्याचा जीव तिच्यावर, आणि नियम असा की करणाऱ्याने पहिला घास खायचा. म्हणजे विष हा सगळ्यात सोपा मार्ग आणि जागल्याला तोच नको, आणि का नको हे तो साथीदारांना सांगू शकत नाही. इथे घाई करू नका, दोन-तीन चॅप्टर सहज निघतात, साथीदारांचा संशय, तिला काही माहीत नसणं, मग कळणं, मग तिनेच विषाला होकार देणं.

खान्देशातल्या कानबाई देवीचा सण इथे आणा. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण, गाणी, सोमवारी सगळं गाव विसर्जनाला नदीवर, म्हणजे तुमच्या कथेत थेट ठाण्यासमोर, आणि तेही गर्दीने. हल्ल्याला याहून चांगला दिवस मिळणार नाही. आणि रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य! बऱ्याच घरांत रोट भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. मांडे करणाऱ्या बाईला जागल्याची आई गुपचूप रोट वाढते एवढा सीन लिहा, लग्नाची मागणी वेगळी लिहावी लागत नाही.

डायलॉग अहिराणीत थोडेच ठेवा पण नेमक्या जागी. चोरून भेटायला आलेल्या तिला तो "कसाले उनी?" (कशाला आलीस?) म्हणतो आणि ती उत्तर न देता "जेवी ले पहिले" म्हणते, यात जेवढं प्रेम आहे तेवढं चंद्राच्या वर्णनात येत नाही. लिहिलेलं घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, जिथे ते अडखळतील ते वाक्य बदला.

राजाच्या खुनाचा सीन पानभरात उरका. त्यानंतर पाट उघडतो तेव्हा पहिली पाळी कोणाची यावर दोन गावं भांडणारच, ते भांडण नीट लिहा, आणि जागल्याला तिचा आवाज अजून ओळखू येतो का हे त्याच गर्दीत, ती कोणावर तरी ओरडत असताना उघड करा, त्यासाठी वेगळा चॅप्टर काढू नका.