परीक्षेच्या दिवसांत डोकं थकलेलं असताना मोठा निर्णय कसा घ्यावा

सबमिशन, व्हायवा आणि लेखी पेपर एकामागोमाग आले की रात्री साडेअकराला होस्टेलच्या खोल्यांमध्ये मोठमोठे निर्णय होऊ लागतात. ड्रॉप घेऊ, ब्रँच बदलू, एटीकेटी राहू दे. थकलेल्या डोक्याला हिशेब जमतो, पण आत्ताचा त्रास जो पर्याय लवकर संपवेल तोच त्याला बरा वाटतो. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ साली हेच दाखवलं: सहा तासांहून जास्त अवघड बौद्धिक काम केलेली माणसं लगेच मिळणाऱ्या छोट्या मोबदल्याकडे अधिक झुकली.

१. थकवा ओळखा. एकच परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होते, प्रत्येक प्रश्नाला "काहीही चालेल" हेच उत्तर येतं. यातलं काही दिसलं की त्या दिवशी अर्ज भरू नका.

२. खरी मुदत शोधा. मित्रांच्या ग्रुपवरची तारीख धरू नका, विद्यापीठाचं परिपत्रक उघडून बघा. पुनर्मूल्यांकनाची मुदत मोजक्याच दिवसांची असते, त्यामुळे तिथे चालढकल महागात पडते. ड्रॉपचा निर्णय मात्र आज रात्रीच घ्यावा लागतो असं सहसा नसतं.

३. दिवस आणि वेळ लिहून पुढे ढकला: "गुरुवारी सकाळी ९." नुसतं "नंतर बघू" म्हटलं की विषय डोक्यात घोळत राहतो आणि झोपही जाते.

४. सात-आठ तास झोप आणि नाश्ता झाल्यावर कागद घेऊन ४० मिनिटं बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ड्रॉपचाच प्रश्न असेल तर हे लिहा: किती विषय राहिलेत, पुढच्या वर्षात जायला किती क्रेडिट लागतात, वर्ष गेलं तर महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचं काय होईल, घरचा खर्च किती वाढेल आणि निर्णय मागे घेता येईल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चार वर्षांच्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर ठरावीक क्रेडिट पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं आणि तीन वर्षांच्या आत परतही येता येतं. तुमच्या अभ्यासक्रमाला हे लागू आहे का, ते परीक्षा विभागात विचारा. बहुतेकांची चूक इथेच होते: "राहू की सोडू" एवढंच लिहिलं जातं. एकच विषय पुढच्या सत्रात देणं किंवा मार्गदर्शक शिक्षकांकडे सबमिशनची मुदतवाढ मागणं हे पर्याय थकलेल्या डोक्याला दिसतच नाहीत, म्हणून किमान चार पर्याय लिहायचेच असं ठरवून बसा.

५. आजच ठरवायचं असेल तर आधी काहीतरी खा, वीस मिनिटं डुलकी काढा आणि मग जो पर्याय नंतर बदलता येतो तो निवडा. संध्याकाळनंतरची कॉफी टाळा. तिचा निम्मा अंमल साधारण पाच तासांनीही शिल्लक असतो.

कपडे, जेवण असे छोटे निर्णय आधी ठरवून ठेवले की वेळ वाचतो. त्याने इच्छाशक्ती साठते असं मात्र धरून चालू नका. इच्छाशक्ती वापरल्याने संपते या कल्पनेची २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी फेरतपासणी केली तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला.

झोप मिळूनही दोन आठवडे मन उतरलेलंच असेल तर ड्रॉपचा अर्ज बाजूला ठेवा आणि आधी कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.