बंद खोलीतील केशर: पहिल्या हंगामात या चुका टाळा

काश्मीरमधील पांपोरच्या पठारांवर ऑक्टोबरच्या अखेरीस फुलणारे केशर आता महाराष्ट्रातील शहरांतही, घरातल्या एखाद्या रिकाम्या खोलीत ट्रे मांडून, घेतले जाऊ लागले आहे. मातीशिवाय, केवळ तापमान आणि आर्द्रता सांभाळून कंदांना फुलवण्याची ही पद्धत काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने तेथील शेतकऱ्यांपर्यंत नेली, आणि ती खरोखर चालते. मात्र पहिल्या वर्षी ट्रेमध्ये उमलणारे जांभळे फूल हे कंदाने आदल्या हिवाळ्यात काश्मीरच्या शेतात साठवलेल्या अन्नावर येते, ही गोष्ट नवशिक्यांना कोणी सांगत नाही. नव्या माणसाच्या बहुतेक चुकांचे मूळ मला या एका अज्ञानात दिसते.

पहिली चूक खरेदीची. केशराचे झाड त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेले, असल्यामुळे वांझ असते. त्याला बी धरत नाही आणि त्याची वाढ केवळ कंदांपासून होते. त्यामुळे ‘केशराचे बियाणे’ म्हणून जे काही विकले जाते ते केशर नव्हेच. ‘अमेरिकन केशर’ या नावाखाली तर आपल्याच ओळखीची करडई अनेक शेतकऱ्यांच्या गळ्यात मारली गेली आहे. कंद घेतानाही भाव किलोवर ठरतो, म्हणून आकाराकडे दुर्लक्ष होते. साधारण 8 ग्रॅमपेक्षा हलका कंद सहसा फूल देत नाही, त्याला नुसती पाने येतात; म्हणून पोत्यातील मूठभर कंद काट्यावर एकेक तोलून पाहण्याची मुभा जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडून माल घेऊ नये. जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कंद सुप्त असताना ते आणावेत. उशिरा मागवलेल्या कंदांचे कोंब प्रवासात मोडतात, आणि हवाबंद प्लास्टिकच्या पोत्यात आलेले कंद वाटेतच तापून मऊ पडतात.

येथेच हिशेबही करून ठेवावा. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला सुमारे 150 फुले लागतात. सरासरी 10 ग्रॅमचे 5 किलो कंद म्हणजे 500 नग. प्रत्येकी एक, क्वचित दोन फुले धरली तर हाती 3 ते 5 ग्रॅम केशर येईल. किलोला लाखोंचा भाव ऐकून पहिल्याच वर्षी कर्ज काढून खोली उभारणाऱ्याने हे आकडे आधी कागदावर मांडावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तापमानाबाबत होणारी चूक सर्वांत महाग पडते, कारण ती दोन महिन्यांनी कळते. कंदाच्या आत फुलाची कळी घडण्यासाठी 23 ते 27 अंश सेल्सिअस तापमान दीड-दोन महिने तरी मिळावे लागते, आणि घडलेली कळी बाहेर येण्यासाठी नंतर ते 15 ते 17 अंशांपर्यंत उतरावे लागते. केशर थंड प्रदेशातले आहे, या समजुतीने अनेक जण कंद येताच खोली 16 अंशांवर नेतात. मग कळी घडतच नाही आणि ऑक्टोबरमध्ये हिरव्या पात्यांखेरीज काही दिसत नाही. याउलट पारा 30 अंशांच्या वर राहिला तरीही फुले घटतात. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमधील हवा मुळातच या पहिल्या टप्प्याला जवळची असते, त्यामुळे त्या काळात एसीवर फारसा खर्च करावा लागत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून मात्र तापमान एकदम न पाडता, आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत न्यावे. वीज गेल्यावर तासाभरात खोली तापत असेल तर दोष भिंतींचा आणि छताचा आहे. आणखी मोठा एसी बसवण्यापूर्वी पफ पॅनल (आत फोम भरलेले उष्णतारोधक फलक) किंवा थर्माकोलचे अस्तर लावावे.

आर्द्रतेची अडचण एसीमुळेच निर्माण होते, कारण थंड करताना तो हवेतील ओलावा शोषून घेतो. फुलोऱ्याच्या काळात आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास हवी. ती कमी पडली की कळ्या पांढऱ्या आवरणातच अडकून सुकतात. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत बारीक ओलावा सोडणारे यंत्र, लावावा, त्यात आरओचे पाणी घालावे, परंतु त्याचा फवारा थेट ट्रेवर पडू देऊ नये. हवा दमट हवी आणि कंद कोरडा हवा, हा फरक न कळल्याने कंदांवर पाणी शिंपडणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांचे निम्मे कंद सडले. निळसर-हिरवी बुरशी दिसली तर ती बहुधा कोंडलेल्या हवेमुळे असते. लहान पंखा सतत मंद फिरता ठेवावा, ट्रेमध्ये कंद एकमेकांना चिकटवून रचू नयेत, आणि दाबल्यावर मऊ लागणारा किंवा तपकिरी डाग पडलेला कंद त्याच दिवशी बाहेर काढावा. फ्युझॅरियम बुरशीची कूज शेजारच्या कंदांत पसरते. अशा वेळी एका कंदाचा मोह धरू नये.

गुलाबी प्रकाशाचे महागडे दिवे फुलोऱ्यापूर्वी घेण्याचे कारण नाही. फूल साठवलेल्या अन्नावर येते. प्रकाशाची खरी गरज पानांना, म्हणजे पुढच्या टप्प्यात लागते.

तोडणी आणि वाळवणी

फूल उमलले की त्याच सकाळी तोडावे. दुसऱ्या दिवशी ते लोळागोळा होते. त्यातील तीन लाल काड्या चिमट्याने वेगळ्या कराव्यात. केवळ लाल भाग ठेवला तर काश्मीरमध्ये त्याला मोंगरा म्हणतात, खालचा पिवळसर देठ राहिला तर लच्छा. वाळवण्यात आमची पहिल्या हंगामात मोठी चूक झाली होती: बोटांना कोरड्या लागल्या म्हणून काड्या काचेच्या बाटलीत भरल्या, आणि पंधरवड्यात बाटलीच्या तळाशी बुरशी धरली. तेव्हापासून मी स्पर्शावर विसंबत नाही. ओल्या काड्या तोलून घ्याव्यात, 40 ते 50 अंशांच्या मंद उष्णतेत वाळवाव्यात आणि वजन एक-पंचमांशावर येईपर्यंत थांबावे. कडक उन्हात ठेवल्यास रंग आणि वास दोन्ही उतरतात.

फुले संपल्यावर

बहुतेकांचा उत्साह येथे संपतो आणि कंद कोपऱ्यात पडून राहतात. ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. फुलोऱ्यानंतर मूळ कंद हळूहळू आकसतो आणि त्याच्या डोक्यावर नवे कंद तयार होतात; त्यांना लागणारे अन्न पाने बनवतात. म्हणून नोव्हेंबरमध्ये कंद भुसभुशीत, वाळूमिश्रित, निचऱ्याच्या मातीत 10 ते 15 सेंटिमीटर खोल लावावेत, कुजलेले शेणखत घालावे, माती वाळल्यावरच पाणी द्यावे आणि पानांना भरपूर ऊन मिळू द्यावे. काश्मीरमध्ये ही पाने एप्रिलपर्यंत हिरवी राहतात. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापू लागते, पाने अकाली पिवळी पडतात आणि नवे कंद लहान राहतात. दुसऱ्या वर्षी फुले का घटली, याचे उत्तर बहुतेक वेळा यात असते. जानेवारीअखेरपासून दुपारी हिरवी शेडनेट लावणे, मुळांवर पेंढ्याचे आच्छादन पसरणे, किंवा शक्य असल्यास कुंड्या पांढऱ्या एलईडीखाली थंड खोलीत दिवसाचे दहा-बारा तास ठेवणे, हे उपाय करता येतात. पाने हिरवी असताना ती गाठ मारून किंवा कापून टाकू नयेत.

पाने पूर्ण वाळल्यावर कंद काढून, सावलीत सुकवून, प्रत्येक काट्यावर ठेवावा. 8 ग्रॅमच्या वर किती आणि खाली किती, हे वहीत लिहावे. वरचे पुढच्या हंगामाच्या ट्रेसाठी ठेवावेत, खालचे आणखी एक हिवाळा मातीतच वाढवावेत, आणि नवे कंद मागवायचे की नाही हे त्या दोन आकड्यांवरून ठरवावे.