गाडीखाली ऑइलचा डाग? पाना उचलण्याआधी गळती कुठून सुरू होते ते शोधा

सकाळी मोटरसायकल काढली की अंगणातल्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. पुसला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. मग आपण गॅरेज गाठतो, "ऑइल गळतंय, पॅकिंग बदलून टाका" म्हणतो आणि मिस्त्री जिथं थेंब लोंबतोय तिथलं पॅकिंग बदलून देतो.

मीही तेच केलं होतं. माझ्या शंभर सीसीच्या गाडीला डाव्या बाजूनं, मॅग्नेट कव्हरच्या (वीज तयार करणाऱ्या चाकावरच्या झाकणाच्या) खालच्या कडेला थेंब यायचा. गॅरेजमध्ये मॅग्नेटचं पॅकिंग बदललं. आठवडाभरात थेंब परत आला. पुन्हा उघडलं, या वेळी पॅकिंगला भरपूर सोल्यूशन (फट बुजवायचं चिकट लुकण) लावलं, तरी थेंब हजर. दोनदा उघडझाक करताना एका बोल्टचे आटे गेले, ते नुकसान वेगळंच. शेवटी एका रविवारी मी इंजिन धुऊन, सुकवून, नीट बघत बसलो. ऑइल येत होतं वरून, हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या भागाच्या, डाव्या अंगाला असलेल्या गोल झाकणातून. त्याची किरकोळ किमतीची ओ-रिंग (गोल रबरी कडं) उष्णतेनं कडक होऊन चपटी झाली होती. मॅग्नेटचा काही दोषच नव्हता.

ऑइल जिथं टपकतं तिथूनच ते गळत असेल असं नाही. गाडी उभी असताना ते ओघळून खाली येतं आणि चालू असताना वारा त्याला मागं ढकलतो. ज्या गाड्यांचा ब्लॉक (पिस्टन ज्यात हलतो तो भाग) पुढच्या बाजूला जवळजवळ आडवा असतो, त्यांत हेडमधून निघालेलं ऑइल इंजिनाच्या पोटाखालून मागं सरकतं आणि थेट ड्रेन बोल्टवर (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टवर) येऊन लोंबतं. म्हणून शोध नेहमी वरून खाली आणि पुढून मागं घ्यायचा. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं जी ओली जागा सापडेल, तिथं गळती सुरू होते. ती जागा दिसेपर्यंत एकही बोल्ट आवळायचा नाही.

आधी ते इंजिन ऑइलच आहे का?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. पुढचं चाक कुठल्या बाजूला आहे ते पेनानं पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, नाहीतर सकाळी डाग डावीकडचा की उजवीकडचा यावरच वाद होतो. मधोमध पडलेला काळा-तपकिरी, बोटांना बुळबुळीत लागणारा थेंब इंजिन ऑइलचा. पेट्रोल असेल तर वास येतो आणि डाग विरून जातो. जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या गाडीत ते त्याच्या ओव्हरफ्लो नळीतून येत असेल. पुढच्या फोर्कच्या चकचकीत दांड्यावर ओल्या कड्या दिसत असतील तर ते फोर्कचं ऑइल, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. मागच्या रिमवर उडालेले काळे, चिकट शिंतोडे बहुतेक वेळा चेनच्या वंगणाचे असतात. चेनला हात सैल सोडून वंगण लावलं की पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली त्याचा लगदा साचतो आणि उन्हात पातळ होऊन ठिबकतो. हे मी दोन-तीन मित्रांच्या गाड्यांत पाहिलंय. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं.

मग ऑइलची लेव्हल बघा. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, इंजिन तीनेक मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नुसती टेकवून मोजायची की आटे फिरवून बसवून, हे गाडीगणिक वेगळं असतं, मॅन्युअलमध्ये बघा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत सगळं मिळून ऑइल लिटरभराच्या आसपास असतं. त्यातलं पाव लिटर गेलं तरी इंजिनाच्या दृष्टीनं ते फार झालं. लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आधी भरा, शोधकाम नंतर. उलट ती वरच्या खुणेच्या वर गेलेली असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी जास्त ओतलं गेलंय. जादाचं काढून टाका आणि चार दिवस वाट बघा. कित्येकदा गळती तेवढ्यावरच थांबते.

धुणं, आणि धुण्याइतकंच सुकवणं

आपल्या सोलापूरच्या धुळीत ऑइलचा बारीक पाझरही लपत नाही, त्यावर लगेच काळं कीट धरतं. पण महिन्याभरात त्याच किटाखाली सगळं इंजिन एकसारखं काळं होतं आणि कुठून काय आलं ते कळेनासं होतं. म्हणून इंजिन खरवडून स्वच्छ केल्याशिवाय शोध सुरूच करता येत नाही.

इंजिन पूर्ण गार असताना काम करा. उन्हाळ्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी गार आहे असं समजू नका. सकाळी सात-आठची वेळ बरी. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, एअर फिल्टरचं तोंड आणि वायरींचे सॉकेट प्लॅस्टिकनं झाका. वाटीभर डिझेल आणि जुना पेंटिंगचा ब्रश घ्या. पेट्रोलनं धुऊ नका, त्याची वाफ एका ठिणगीनं पेटते. फिन्समधली (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधली) खाच जुन्या टूथब्रशनं साफ करा. डावीकडचं स्प्रॉकेट कव्हर काढून आतला लगदा काडीनं खरवडून काढा, कारण गिअर शाफ्ट आणि स्प्रॉकेट शाफ्ट ही गळतीची दोन नेहमीची ठिकाणं त्याच लगद्याखाली असतात. मागचा टायर आणि ब्रेक यांना डिझेल लागू देऊ नका. मग साबणाचं पाणी आणि शेवटी साधं पाणी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा सीलवर (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यांवर) जवळून मारू नका, पाणी आत शिरतं.

पुसायला टॉवेलऐवजी जुन्या चादरीचा तुकडा घ्या. टॉवेलच्या धाग्यांचे फास फिन्समध्ये अडकतात आणि कापसाचे तंतू मागं राहतात. चादरीची वीण घट्ट असते. एवढी एक गोष्ट तरी आपल्या शहरात कुणाच्याही घरी सापडतेच. पुसून झालं की गाडी तासभर उन्हात ठेवा. सुकवताना घाई केली तर फिन्सच्या मुळाशी राहिलेलं डिझेल नंतर ओघळतं आणि त्यालाच आपण गळती समजतो.

पावडर लावा आणि बघत बसा

आता साधी अंगाला लावायची टाल्कम पावडर. पातळ कापडाच्या पोटलीत बांधून ती हेडपासून खालपर्यंत सगळ्या जोडांवर, झाकणांच्या कडांवर, बोल्टच्या डोक्यांवर झटका. पांढरा पातळ थर बसला पाहिजे, ढीग नको. या घडीला मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

सायलेन्सरचा बोळा आणि झाकलेलं प्लॅस्टिक काढा, मग इंजिन चालू करून गाडी जागेवरच दहा मिनिटं चालू द्या, आणि तेही उघड्यावर, बंद शेडमध्ये नाही. टॉर्च घेऊन बघा. पावडरवर गळती कशी दिसते ते एकदा पाहिलं की विसरत नाही. आधी जोडाच्या रेघेवर केसाएवढी करडी ओल येते, मग तिथली पावडर पारदर्शक होऊन धातू दिसू लागतो, आणि मग त्या टोकापासून खाली एक काळसर ओघळ सुटतो. ओघळ रुंद असतो, मूळ टाचणीच्या टोकाएवढं. बघायचं ते मूळ.

जागेवर काही दिसलं नाही तर दोन किलोमीटर फिरून या, पुन्हा बघा. मग दहा किलोमीटर. सात रस्त्यावरून विजापूर रोडला जाऊन परत येण्याएवढी फेरी पुरते. एकदम लांब जाऊ नका. वाऱ्यानं ऑइल सगळीकडे पसरलं की धुण्यापासून पुन्हा सुरुवात. काही गळत्या इंजिन पूर्ण तापल्यावरच सुरू होतात, तर काही इंजिन गार होताना, रात्री. म्हणून सकाळी परत एकदा पुठ्ठा आणि पावडर दोन्ही तपासा.

टॅपेटची (व्हॉल्व्हच्या वरची) झाकणं आणि हेड कव्हर यांच्याकडे पहिल्यांदा बघा. तिथली ओ-रिंग किंवा रबर कडक झालं तर फिन्सवरून ओघळ येतो, सायलेन्सरवर पडून जळकट वास येतो. हेड आणि ब्लॉक, तसंच ब्लॉक आणि क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) यांच्यामधल्या पॅकिंगमधून गळत असेल तर ओल जोडाच्या रेघेवरच उमटते. हे काम इंजिन उघडण्याचं, घरी करू नका. उजवीकडे क्लच कव्हर आणि किकचा शाफ्ट. डावीकडे गिअर शाफ्टचं सील आणि बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल स्विच. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेली गळती मात्र बहुधा ड्रेन बोल्टची: वॉशर जुनाच बसवलेला असतो.

शाफ्टच्या सीलची खात्री करायची एक साधी युक्ती आहे. शाफ्टभोवतीची जागा कोरडी पुसा, टिश्यू पेपरची अरुंद पट्टी शाफ्टच्या मुळाशी गुंडाळा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा. पट्टीची शाफ्टकडची कड आधी भिजली तर सील गेलंय. वरची कड आधी भिजली तर ऑइल वरून येतंय. पट्टी लावताना आणि काढताना इंजिन बंद असलंच पाहिजे. फिरत्या चेनजवळ कापड किंवा बोट नेऊ नका, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोटं गेल्याची उदाहरणं कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतील.

ब्रीदर विसरू नका

यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण हे कुणी तपासतच नाही. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते, शिवाय पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीतून थोडा जळका गॅसही खाली उतरतो. हा दाब बाहेर पडायला ब्रीदर पाइप असतो, तो बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यात जातो. पाइप दुमडला, चिखलानं तुंबला किंवा बसवताना चिमटला गेला, तर दाब दुसरी वाट शोधतो आणि जे सील सगळ्यात कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकलतो. मग सील बदला, महिन्यानं दुसरं सील गळतं. तेही बदला, तिसरं.

म्हणून एकामागून एक सील जात असतील तर पाइप काढून फुंकर मारून बघा. तो मोकळा असेल तर इंजिन चालू ठेवून पाइपच्या तोंडापाशी तळहात धरा. हलके हलके फुसके बसणं स्वाभाविक आहे. पण सलग झोत आणि निळसर धूर येत असेल, एअर फिल्टरचा डबा आतून ऑइलनं माखला असेल, तर रिंगा झिजल्यात. तेव्हा पॅकिंगवर पैसे घालू नका, पिस्टन-रिंगचं काम काढा.

जागा सापडल्यावर

बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापू नका. ते टिकत नाही, आणि पॅकिंगला आतून भरमसाट लावलेलं सोल्यूशन सुटून इंजिनातल्या ऑइल गाळायच्या जाळीत अडकतं. बोल्ट जोरानं आवळणंही तितकंच वाईट. क्रँककेस अॅल्युमिनियमची असते, आटे सहज जातात, आणि जास्त दाबानं कव्हर वाकून गळती वाढते. नवं पॅकिंग किंवा ओ-रिंग घ्या, जुन्याचे चिकटलेले तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर ओरखडा पडतो आणि ओरखड्यातून पुन्हा गळतं. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वॉशर. ऑइलची ग्रेड मॅन्युअलमधलीच ठेवा. "जाड टाका, गळणार नाही" हा सल्ला ऐकू नका.

ऑइल मागच्या टायरपर्यंत पोचत असेल तर मात्र हे सगळं घरी करत बसू नका. गाडी चालवू नका, ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या, आणि मूळ सापडलं असेल तर मिस्त्रीला तो फोटो दाखवा.

काम झाल्यावर पुन्हा धुऊन, पावडर लावून पन्नास-पाऊणशे किलोमीटर चालवा, अक्कलकोटला जाऊन आलात तरी चालेल. धुतलेलं काळं डिझेल गटारीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. पुढचे दोन आठवडे दर रविवारी डिपस्टिक बघा आणि लेव्हल किलोमीटरसकट लिहून ठेवा.